वकिलाविरुद्धच्या शिस्तभंग चौकशीत साक्ष देताना : कोल्हापूरच्या साक्षीदारासाठी मार्गदर्शन

वकिलाविरुद्ध साक्ष देण्याची वेळ आली की कोल्हापुरातल्या माणसाला मारहाणीची भीती क्वचितच वाटते. त्याला भीती असते ती नोटिशीची. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो माणूस कायदा जाणतो, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज उठबस करतो, आणि साक्षीदाराच्या भावकीतला जमिनीचा दावा कदाचित त्याच्याच मित्राकडे असतो. बदनामीचा दावा, खोट्या साक्षीचा आरोप, जुनी दरखास्त (न्यायालयाचा हुकूम अमलात आणण्याचा अर्ज) उकरून काढण्याची धमकी, अशा गोष्टींनी साक्षीदार मागे सरतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाचे असे स्वतंत्र प्रकरण नाही, हे आधीच सांगितलेले बरे. संरक्षण आहे, पण ते चार-पाच कायद्यांत विखुरलेले आहे, आणि त्यातले बरेचसे समन्सवर आलेल्या व वेळीच लेखी मागणी करणाऱ्या साक्षीदारालाच मिळते.

पुढील विवेचन समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक प्रकरण धरू. करवीर तालुक्यातील एका शेतकऱ्याची भूसंपादनाची वाढीव नुकसानभरपाई वकिलाने उचलली आणि ती पक्षकाराला पोचवली नाही, अशी तक्रार आहे. तक्रारदार शेतकरी आहे. साक्षीदार तिघे आहेत : रक्कम मागायला सोबत गेलेला पुतण्या, खात्याचा उतारा देणारा बँकेचा कर्मचारी, आणि त्या वकिलाच्या कार्यालयात पूर्वी काम केलेला कारकून. या तिघांची परिस्थिती सारखी नाही आणि त्यांना मिळणारे संरक्षणही सारखे नाही.

चौकशी कोठे आणि कशी चालते

तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे मुंबईत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, तेव्हापासून अनेकांचा समज झाला आहे की वकिलांविरुद्धच्या तक्रारीही आता इथेच दाखल होतील. तसे नाही, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खालील तक्रार प्रथम राज्य बार कौन्सिलकडेच जाते. कौन्सिलला गैरवर्तन झाले असे मानण्यास कारण दिसले तर ती प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळासाठी त्याची सनद निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या पटावरून त्याचे नाव काढू शकते. चौकशी एका वर्षात संपली नाही तर कलम ३६ब प्रमाणे ती भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, वर्ग होते. म्हणून आपली साक्ष कदाचित मुंबईऐवजी दिल्लीच्या समितीपुढे नोंदली जाईल, ही शक्यता साक्षीदाराने मनात ठेवावी.

साक्षीदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम आहे ४२. त्याने समितीला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत : साक्षीदाराला समन्स काढून बोलावणे, त्याची शपथेवर तपासणी करणे, कागदपत्रे मागवणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे आणि साक्ष नोंदवण्यासाठी कमिशन, म्हणजे साक्षीदाराकडे जाऊन साक्ष लिहून घेणारी व्यक्ती, नेमणे. समिती आपले समन्स कोणत्याही दिवाणी न्यायालयामार्फत बजावू शकते. म्हणजे समन्स मुंबईच्या समितीचे असले तरी ते साक्षीदाराच्या हातात कोल्हापूरच्या न्यायालयाचा बेलिफ ठेवू शकतो, आणि ते त्या न्यायालयाच्याच समन्साइतके बंधनकारक असते. ते टाळल्यास दंड आणि मालमत्तेच्या जप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते.

याच कलमात एक अपवाद आहे, तो आपल्याकडच्या जमिनीच्या प्रकरणांत हमखास आडवा येतो. न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याला साक्षीसाठी बोलवायचे असेल तर उच्च न्यायालयाची, आणि महसुली न्यायालयाच्या अधिकाऱ्याला बोलवायचे असेल तर राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा तहसीलदारांसमोरच्या किंवा प्रांतांसमोरच्या सुनावणीत घडलेला प्रकार सिद्ध करायचा असेल, तर त्या अधिकाऱ्याची वाट न पाहता रोजनाम्याची (सुनावणीच्या तारीखवार नोंदीची) प्रमाणित प्रत मागवण्याचा अर्ज समितीकडे करणे शहाणपणाचे ठरते.

राजी असलात तरी समन्स मागा

बहुतेक सज्जन साक्षीदार तक्रारदाराच्या शब्दाखातर, समन्साशिवाय, महालक्ष्मी एक्स्प्रेसने आपल्या खर्चाने मुंबईला जातात. माझ्या मते साक्षीदाराचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. तक्रारदाराने समितीकडे साक्षीदारांची यादी देऊन रीतसर समन्स काढून घ्यावे, आणि साक्षीदाराने त्याचा आग्रह धरावा. संबंध कितीही घरोब्याचे असले तरी यात संकोच करू नये.

याचे पहिले कारण खर्चाचे आहे. समितीने तोंडी पुरावा घ्यायचे ठरवले की दिवाणी दाव्याची पद्धत शक्य तितकी पाळली जाते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ प्रमाणे समन्स मागणाऱ्या पक्षाने साक्षीदाराचा प्रवासखर्च व एका दिवसाचा भत्ता आधी जमा करायचा असतो. रक्कम अपुरी असेल किंवा साक्षीदाराला एका दिवसापेक्षा जास्त थांबवून ठेवले तर वाढीव रक्कम मागता येते. दुसरे कारण रजेचे. बँकेचा कर्मचारी समन्स दाखवून अधिकृतपणे हजर राहतो, आणि ग्राहकाच्या खात्याची माहिती आपण होऊन उघड केल्याचा ठपका त्याच्यावर येत नाही.

तिसरे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते. संहितेच्या कलम १३५ प्रमाणे, समन्सानुसार एखाद्या न्यायाधिकरणासमोर जाणाऱ्या साक्षीदाराला तेथे जाताना, हजर असताना आणि परत येताना दिवाणी आदेशाखाली अटक करता येत नाही. समजा पुतण्यावर पतसंस्थेच्या कर्जाची दरखास्त चालू आहे आणि त्यात अटक वॉरंट निघाले आहे. साक्षीच्या दिवशी त्याला वाटेत अडकवण्याचा डाव या कलमाने फसतो. मात्र हे संरक्षण फक्त दिवाणी अटकेपुरते आहे. फौजदारी वॉरंटला ते लागू नाही, आणि समन्साशिवाय गेलेल्या साक्षीदाराला ते मिळत नाही.

अंतराचाही एक नियम आहे. संबंधित न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला जातीने हजर राहण्यास भाग पाडण्यासाठी तो शंभर किलोमीटरच्या आत, किंवा बहुतांश वाटेवर रेल्वे वा अन्य नियमित सार्वजनिक वाहन असेल तर पाचशे किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागतो. कोल्हापूर शहर मुंबईपासून रस्त्याने साधारण चारशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे शहरातल्या साक्षीदाराला ही सबब उपयोगी नाही. चंदगडकडच्या टोकाच्या गावांना मात्र अंतर मोजून पाहावे लागेल. वृद्ध, आजारी किंवा अपंग साक्षीदाराने वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून कमिशनमार्फत घरी किंवा कोल्हापुरातच साक्ष नोंदवण्याचा अर्ज करावा. दृकश्राव्य माध्यमातून साक्ष घ्यावी, अशीही विनंती करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात, फौजदारी खटल्यातसुद्धा, अशी साक्ष ग्राह्य धरली आहे. समितीवर ते बंधन नाही, पण ज्याला समोरासमोर बसण्याचे दडपण येते त्याच्यासाठी हा मार्ग मागून पाहण्यासारखा आहे.

प्रतिज्ञापत्र लिहिताना

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणे समिती मुळात कागदपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे यांवरच निर्णय देते. न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तरच उलटतपासणीला किंवा तोंडी पुराव्याला परवानगी देते. म्हणून प्रतिज्ञापत्र हीच पुष्कळदा साक्षीदाराची संपूर्ण साक्ष असते.

स्वतः पाहिले, ऐकले, केले तेवढेच त्यात यावे. पुतण्याने “काकांचे पैसे वकिलाने खाल्ले” असे लिहू नये. त्याने लिहावे की अमुक महिन्यात मी काकांबरोबर कार्यालयात गेलो, काकांनी रक्कम मागितली, वकिलांनी अमुक शब्दांत उत्तर दिले. गैरवर्तन सिद्ध करण्यासाठी समितीसमोर लागणारा पुरावा जवळपास फौजदारी खटल्याइतका भक्कम असावा लागतो, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. त्यामुळे ऐकीव वाक्य तक्रारीला बळ देत नाही, उलट साक्षीदारालाच उलटतपासणीत उघडे पाडते. कलम ४२(२) मुळे समितीसमोरची कार्यवाही खोट्या पुराव्याच्या गुन्ह्यासाठी न्यायिक कार्यवाही मानली जाते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १९३ मध्ये असलेली तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये आहे, आणि न्यायिक कार्यवाहीत जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्रामाणिक साक्षीदाराने याला घाबरण्याचे कारण नाही. जे आठवत नाही तिथे “आठवत नाही” असेच लिहावे.

आता कारकुनाचा अवघड प्रश्न. समजा वकिलाच्या सांगण्यावरून त्यानेच पावतीवर शेतकऱ्याचा अंगठा दुसऱ्याकडून उठवून घेतला होता. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३७ म्हणते की साक्षीदाराला स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळता येत नाही, परंतु असे द्यावे लागलेले उत्तर त्याच्या अटकेचे किंवा खटल्याचे कारण होऊ शकत नाही, आणि खोट्या पुराव्याचा खटला सोडून अन्य फौजदारी कार्यवाहीत त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हे संरक्षण ‘द्यावे लागलेल्या’ उत्तराला आहे. स्वतःहून लिहून दिलेल्या प्रतिज्ञापत्रातील कबुलीला त्याचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणून अशा साक्षीदाराने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय प्रतिज्ञापत्र करू नये, समन्सवरच हजर व्हावे, आणि असा प्रश्न आला की आधी हरकत नोंदवावी, समितीने उत्तर देण्यास सांगितले असे अभिलेखात येऊ द्यावे, मगच उत्तर द्यावे. तक्रारदाराच्या वकिलाला हा विलंब आवडणार नाही. पण तो वकील तक्रारदाराचा असतो, साक्षीदाराचा नव्हे.

असा स्वतंत्र सल्ला शहरात मिळणे अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. एकाच बार असोसिएशनमधले सहकारी संकोच करतात. सांगली किंवा साताऱ्याच्या वकिलाकडे जाण्यात काही गैर नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कायद्याने पात्र ठरणाऱ्या इतरांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ल्यासाठी अर्ज करावा. आणि प्रतिज्ञापत्र नोटरी करण्यासाठी संबंधित वकिलाच्या शेजारच्या टेबलावर जाऊ नये, हेही आपल्या गावात सांगावे लागते.

वकील-अशील गोपनीयतेची सबब

“हे सगळे गोपनीय आहे, तुम्हाला बोलताच येणार नाही” असे साक्षीदाराला सर्रास सांगितले जाते. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे वकील आपल्या अशिलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करू शकत नाही, आणि हे बंधन वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. पण हा हक्क अशिलाचा आहे, वकिलाचा नाही. आपल्या उदाहरणात अशील म्हणजे तक्रारदार शेतकरीच आहे. त्याने लेखी संमती दिली की त्याच्या प्रकरणापुरती कारकुनाची जीभ मोकळी होते. ते संमतीपत्र प्रतिज्ञापत्राला जोडावे. शिवाय बेकायदेशीर हेतूसाठी झालेला संवाद आणि काम चालू असताना दिसून आलेला गुन्हा वा फसवणूक यांना गोपनीयतेचे कवच मुळातच नाही. दुसऱ्या अशिलांच्या फायलींतले काही मात्र सांगू नये आणि त्यांच्या प्रती तर अजिबात आणू नयेत. नोकरीत असलेल्या कारकुनासाठी एक कटू गोष्ट : साक्ष दिली म्हणून कामावरून काढले, तर नोकरी वाचवणारी तरतूद अधिवक्ता अधिनियमात नाही. पगाराचा आणि कामाच्या कालावधीचा लेखी पुरावा त्याने आधीच स्वतःजवळ ठेवावा.

उलटतपासणीत

पुराव्याची नोंद करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली व्यक्ती साक्ष अधिनियमाच्या अर्थाने ‘न्यायालय’ ठरते. त्यामुळे त्या अधिनियमातील साक्षीदाराच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणाऱ्या तरतुदींचा आधार समितीसमोर घेता येतो. केवळ चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा प्रश्न विचारू द्यायचा की नाही हे कलम १५१ प्रमाणे समितीने ठरवायचे असते. आधार नसताना असा प्रश्न विचारण्यास कलम १५२ मनाई करते. अश्लील व निंदाजनक प्रश्नांना १५४ आणि केवळ अपमान करण्यासाठी वा छळण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांना १५५ आळा घालते. साक्षीदाराने वाद घालू नये. “या प्रश्नाचा प्रकरणाशी संबंध काय, हे समितीने ठरवावे, अशी माझी विनंती आहे” एवढे शांतपणे म्हणावे. स्वतः वकील असलेल्या प्रतिवादीने जातीने उलटतपासणी घेतली तरी उत्तर देताना समितीकडे पाहावे.

साक्ष मराठीत द्यावी. नोंद मात्र बहुधा इंग्रजीत होते. म्हणून सही करण्यापूर्वी ती मराठीत समजावून सांगावी अशी मागणी करावी, आणि फरक आढळला तर तेथल्या तेथे दुरुस्ती मागावी. “रक्कम मागितली” आणि “रक्कम घेतली” यांत अनुवादात गल्लत झाली, तर साक्षीदाराच्या नावावर त्याने न उच्चारलेले वाक्य कायमचे जमा होते.

धमकी आली तर

इथे विषय शिस्तभंगाचा राहत नाही, तो फौजदारी होतो. खोटी साक्ष द्यावी म्हणून शरीराला, मालमत्तेला किंवा प्रतिष्ठेला इजा करण्याची धमकी देणे हा न्याय संहितेच्या कलम २३२ खालील गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील याच तरतुदीबाबत, म्हणजे कलम १९५अ बाबत, स्पष्ट केले की हा गुन्हा दखलपात्र असून पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात; न्यायालयाच्या लेखी तक्रारीची वाट पाहावी लागत नाही. धमकी “साक्षीला जाऊच नकोस” एवढीच असेल तर प्रश्न बारीक होतो, कारण त्यात खोट्या साक्षीची मागणी नसते. अशा वेळी फौजदारी धाकदपटशाचे कलम ३५१ पाहावे लागते. ठार मारण्याच्या किंवा गंभीर दुखापतीच्या धमकीला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत. म्हणून पोलिसांना धमकीचे शब्द जसेच्या तसे सांगावेत. “मला दम दिला” एवढेच सांगितले तर ठाण्यात अदखलपात्र नोंद करून माणसाला वाटेला लावले जाते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुंबईत समितीच्या दारात धमकी मिळाली तरी शाहूपुरी किंवा जुना राजवाडा ठाण्यात माहिती देण्यास अडचण नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाणे अंमलदाराने नकार दिल्यास तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. व्हॉट्सॲपवरचा संदेश किंवा रेकॉर्डिंग असेल तर मूळ मोबाइल जपावा, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र देताना मूळ उपकरणाचा तपशील लागतो. त्याच वेळी पोलीस तक्रारीची प्रत जोडून समितीलाही अर्ज द्यावा : साक्ष लवकर नोंदवावी, कमिशन नेमावे, पत्ता प्रतिवादीला दिल्या जाणाऱ्या प्रतींत उघड करू नये. साक्षीदार फोडणे हे वकिलासाठी स्वतंत्र गैरवर्तन आहे. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू अपघात खटल्यात सरकारी साक्षीदाराशी संगनमत केल्याबद्दल ज्येष्ठ वकील आर. के. आनंद यांना न्यायालयाच्या अवमानाखाली दोषी ठरवले गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला.

पोलीस संरक्षणाबाबत गैरसमज खूप आहेत. महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आणि महाराष्ट्राचा याच विषयावरील २०१७ चा अधिनियम या दोहोंचा रोख फौजदारी गुन्ह्यांच्या साक्षीदारांकडे आहे. शिस्तपालन समितीपुढचा साक्षीदार केवळ त्या नात्याने त्यांत बसत नाही. पण २०१८ च्या योजनेत सात वर्षांपर्यंतच्या व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे येतात. धमकीचा गुन्हा कलम २३२ किंवा ३५१ च्या गंभीर भागाखाली नोंदला गेला, की साक्षीदार त्या फौजदारी गुन्ह्याचाही साक्षीदार होतो आणि योजनेचा दरवाजा ठोठावू शकतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या जिल्हा समितीकडे अर्ज करायचा असतो. पोलीस उपविभागाचा अधिकारी धोक्याचा अहवाल देतो. घराभोवती गस्त, न्यायालयात ने-आण, दूरध्वनी क्रमांक बदलणे असे उपाय मंजूर होऊ शकतात. एफआयआर कोणत्या कलमाखाली झाली यावर इतके अवलंबून असते ते यामुळे.

बदनामीची नोटीस

ही नोटीस बहुधा येतेच. समितीसमोर शपथेवर दिलेल्या साक्षीबद्दल दिवाणी नुकसानभरपाईच्या दाव्यापासून साक्षीदाराला व्यापक संरक्षण मानले जाते. फौजदारी बदनामीत ते मर्यादित आहे : न्याय संहितेच्या कलम ३५६ चे अपवाद सद्भावनेवर उभे आहेत, आणि त्यांतला आठवा अपवाद योग्य अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या आरोपाला वाचवतो. समिती अशी अधिकारी आहे. गल्लीच्या तालमीचा व्हॉट्सॲप गट नाही. प्रतिज्ञापत्राची प्रत कोणाला पाठवली, समाजमाध्यमावर टाकली किंवा स्थानिक वृत्तपत्राला दिली, की हे सर्व संरक्षण ढिले पडते. नोटिशीला उत्तर द्यायचेच असेल तर “बाब शिस्तपालन समितीसमोर प्रलंबित असून माझे म्हणणे मी तेथे शपथेवर मांडले आहे” इतकेच कळवावे.

तक्रारदार आणि वकील यांनी मध्येच आपसात मिटवले तर साक्षीदार दोघांच्याही रोषाला पात्र होतो. परिषदेच्या नियमांनुसार केवळ तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली एवढ्यावरून चौकशी बंद करता येत नाही. समन्स कायम असेल तर हजर राहावेच लागते. त्या वेळी “आता मिटले आहे, जरा सौम्य सांगा” अशी गळ घातली जाते. आधीच्या प्रतिज्ञापत्राशी विसंगत साक्ष दिली तर खोट्या पुराव्याचा धोका साक्षीदारालाच असतो, मिटवणाऱ्यांना नाही. निकालाविरुद्ध साठ दिवसांत भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आणि तिच्या निकालाविरुद्ध पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील होऊ शकते, म्हणून समन्स, खर्चाची पावती, प्रतिज्ञापत्राची प्रत आणि धमकीसंबंधीची कागदपत्रे तोवर एकत्र बांधून ठेवावीत.